वाटाड्यावाचून तीन दिवस

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अकरा किल्ले महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आपल्याला आनंद झाला, पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले. ते सारे योग्यच झाले. मात्र त्या नोंदीच्या नावातल्या एका शब्दाकडे आपले फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. नोंद नुसत्या 'मराठा किल्ल्यां'ची नाही, 'मराठा लष्करी भूप्रदेशा'ची आहे. म्हणजे गौरव केवळ तटा-बुरुजांचा झालेला नाही. ते बुरुज ज्या घाटवाटांच्या माथ्यावर, ज्या खोऱ्यांच्या राखणीसाठी उभे राहिले, त्या मुलखाचाही झालेला आहे.

आता हा मुलूख पाहायचा कसा? आपली रीत ठरलेली आहे. पहाटे मोटार काढायची, महामार्गावर थांबून मिसळ खायची, पायथ्याच्या वाहनतळावर गाडी लावायची, गड चढायचा, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचे. यात गड दिसतो, मुलूख दिसत नाही. तासाला साठ-सत्तर किलोमीटर वेगाने काचेआडून मागे पळतो तो मुलूख नव्हे, ती केवळ हिरवी-पिवळी पट्टी. उलट पायी हिंडायचे तर तेवढी सवड आणि तेवढे गुडघे सगळ्यांपाशी नसतात. या दोहोंच्या मध्ये एक जुनेच वाहन उभे आहे. ते तासाला दहा-बारा किलोमीटर जाते, पेट्रोल मागत नाही, आणि रस्त्याकडेच्या माणसाने 'राम राम' घातला तर थांबून उत्तर देऊ शकते.

सायकलवरून दोन-तीन दिवसांची सहल, तीही स्वतःची स्वतः आखलेली, हा प्रकार युरोपात आता अगदी घरगुती झाला आहे. आयोजकांची बस नाही, शिट्टी वाजवून माणसे मोजणारा मार्गदर्शक नाही. खिशात नकाशा, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर, ठरवून ठेवलेले मुक्काम. आजी-आजोबा, आई-वडील, दहा-बारा वर्षांची मुले असे सगळे घर निघते. हे तिकडे कसे जमते आणि आपल्याकडे जमेल का, याचा विचार मला केवळ हौसेचा वाटत नाही. ती ग्रामीण महाराष्ट्राची एक परीक्षा आहे असे मला वाटते.

ल्वारच्या काठाने

फ्रान्समधल्या ल्वार नदीचे उदाहरण घेऊ. या नदीकाठी राजेरजवाड्यांचे वाडे आहेत. फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला घेतलेला शांबोरचा महाल आहे, आणि लिओनार्दो दा विंचीने अखेरची तीन वर्षे जिथे काढली ते आंब्वाझ गावही आहे. २००० साली या खोऱ्याचा मोठा पट्टा युनेस्कोच्या यादीत गेला. तिथेही नोंद एकेका वाड्याची नाही, साऱ्या खोऱ्याची आहे. त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, तिथल्या दोन प्रादेशिक शासनांनी ठरवले की नदीच्या काठाने सायकलीचा सलग मार्ग करायचा. तो पुरा व्हायला २०१२ साल उजाडले. आज तो सुमारे ९०० किलोमीटरचा आहे आणि थेट अटलांटिक समुद्राला जाऊन भिडतो.

गंमत अशी की, यासाठी त्यांनी नऊशे किलोमीटर नवा रस्ता बांधला नाही. पूर अडवण्यासाठी शेकडो वर्षांपूर्वी घातलेले मातीचे बंधारे होते, त्यांच्या माथ्यावरून मार्ग नेला. शेतांमधले कमी रहदारीचे रस्ते होते, ते जोडून घेतले. आणि वळणावळणावर पाट्या लावल्या. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या ज्या खाणावळी आणि निवासस्थाने सायकलस्वारांसाठी ठरावीक सोयी ठेवतील, त्यांना एक अधिकृत चिन्ह दिले. सायकल कुलपात ठेवण्याची जागा आणि दुरुस्तीची हत्यारे या त्यांतल्या सोयी. उन्हाळ्यात त्या बाजूच्या आगगाड्यांत सायकली ठेवायला खास जागा असते. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारे लोकही आहेत.

थोडक्यात, तिथला सायकलस्वार वाटाड्यावाचून फिरतो हे अर्धसत्य आहे. वाटाड्या आहेच, फक्त तो एका माणसात नसून पाटीत, बंधाऱ्यात, खाणावळीत आणि आगगाडीच्या डब्यात वाटला गेला आहे. व्यवस्था चोख असली की माणसाला आपण स्वतंत्र आहोत असे वाटते.

जुन्नरचा मुलूख

आपल्याकडे अशा सहलीसाठी एकच तालुका निवडा म्हटले, तर मी जुन्नर निवडीन. बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी तिथे आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला तो हा गड. पण केवळ त्यासाठी नाही. इतक्या थोड्या अंतरात इतकी शतके एकमेकांना खेटून बसलेली फार थोड्या ठिकाणी सापडतील.

जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. पाचएक किलोमीटरवर लेण्याद्री. तिथे अष्टविनायकांतला गिरिजात्मज बसला आहे तो मुळात एका बौद्ध विहारात. जवळच पाडळीपाशी तुळजा लेणी, आणि त्यांत बारा खांबांचे गोल चैत्यगृह. या लेण्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत चक्क यवनही आहेत. आयुष्य बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला सर्वांत आवडतात ते ठेवींचे लेख. वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवायचे, अशी ती व्यवस्था. दोन हजार वर्षांपूर्वी बुरूड आणि कासार मुदत ठेवी स्वीकारत होते, आणि लोक विश्वासाने ठेवत होते! पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा डाव मांडला तोही जुन्नरातच.

पहिला दिवस या परिसराला द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पश्चिमेला निघावे. आपटाळे, चावंड, तिथून पुढे पूर गावचे कुकडेश्वराचे जुने मंदिर, घाटघर आणि शेवटी नाणेघाट. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. मोटारीने तासाभराचा रस्ता, सायकलीने थांबत-थांबत चार तासांचा. या चार तासांत काय होते पाहा. निघताना भोवती ऊस आणि भाजीपाला असतो. मग माणिकडोहचे पाणी दिसू लागते. हळूहळू बागायत विरते, भाताची खाचरे सुरू होतात, घरे लहान होत जातात. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. इथले लोक हिरडा गोळा करून विकतात. पर्जन्यछाया, धरणाचा लाभ कोणाला आणि बुडीत कोणाची, सातबारा किती एकरांचा, या गोष्टी ज्यांनी पुस्तकांतून वाचल्या आहेत त्यांनी एकदा हा रस्ता सायकलने करावा. एकाच तालुक्यातले दोन महाराष्ट्र तीस किलोमीटरमध्ये मांड्यांना कळतात.

नाणेघाट म्हणजे देशावरून कोकणात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी सातवाहनांची व्यापारी वाट. माथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेला गायी, घोडे, कार्षापण किती दिले, याची त्यात आकड्यांसह यादी आहे. आकडेलेखनाच्या इतिहासात या लेखाला मोठे मोल आहे. मला तो पाहताना खतावणीचे पहिले पान उघडल्यासारखे वाटते. घाटघरच्या बाजूला आधी सांगून ठेवले तर घरगुती जेवण आणि मुक्काम होतो.

तिसऱ्या दिवशी परत फिरावे. सवड असेल आणि पाय कुरकुरत नसतील, तर एक दिवस वाढवून पूर्वेला जावे. कुकडीकाठचा ओझरचा विघ्नेश्वर, तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे विठाबाईंचे नारायणगाव, आणि त्यापलीकडे खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, द्राक्षबागा आणि उसाच्या फडांमधून आभाळाकडे कान लावून बसलेल्या. नाणेघाटातल्या ब्राह्मी आकड्यांपासून दूरच्या आकाशगंगांच्या लहरींपर्यंतचा हा प्रवास जेमतेम साठ किलोमीटरचा आहे. मुलांना हे एका सहलीत दाखवता येते, आणि तेही त्यांनी स्वतःच्या पायांनी कमावलेले.

तपासनीस सायकलवर येतो

वाचून कोणाला हुरूप आला असेल तर आता थोडे कडू. बँकेत असताना शाखेची तपासणी करायला अधिकारी येत. हुशार तपासनीस खातेवह्या मागाहून बघायचा. आधी बाहेर बाकावर बसून अर्धा तास नुसता पाहत राहायचा. सायकलवरचा प्रवासी हा ग्रामीण भागाचा तसा तपासनीस असतो. त्याला काच नाही, छप्पर नाही, वेग नाही. त्यामुळे रस्त्याची कड तुटलेली आहे, हे मोटारवाल्याला न कळणारे सत्य त्याला पहिल्या किलोमीटरात कळते. किल्ल्याची पाटी आहे, पण गावाची नाही, हे दुसऱ्या फाट्यावर कळते. आणि घरातल्या बायका-मुली बरोबर असतील, तर स्वच्छतागृह नाही हे तासाभरातच कळते.

सर्वांत मोठा प्रश्न जिवाचा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली, त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. हे सहलीला गेलेले हौशी लोक नव्हेत. बहुतेक कामावर, शाळेत किंवा बाजाराला निघालेली माणसे. जुन्नरच्या एका अंगाने पुणे-नाशिक महामार्ग जातो, दुसऱ्या अंगाने माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता. या दोन्ही रस्त्यांवर घरच्या मुलांना घेऊन सायकल चालवा असे मी कोणालाही सांगणार नाही. आतले रस्ते शांत आहेत, पण कोणता रस्ता शांत हे बाहेरच्याला सांगणारी पाटी नाही.

शिवाय एक अदृश्य अडचण आहे, ती प्रतिष्ठेची. चावंडच्या अलीकडे चहाला थांबलो असताना एका म्हाताऱ्या शेतकरीबाबांनी माझ्याकडे, मग सायकलीकडे नीट पाहून विचारले, "कुठलं गाव, पाव्हणं?"

"पुणे."

"मग गाडी बिघडली का काय?"

पुण्याहून आलेला, डोक्यावरचे केस पांढरे झालेला माणूस आपखुशीने सायकलवर बसेल, हे त्यांच्या हिशेबात बसेना. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या तरुणपणी सायकल ही मिळवायची गोष्ट होती, मग ती टाकायची गोष्ट झाली. सरकारी नोकरांना एके काळी सायकल घ्यायला अग्रिम मिळे. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकलदिनी. मात्र देशातल्या जवळपास निम्म्या घरांत अजून सायकल आहे. ती दिसत नाही, कारण ती ज्यांच्या घरी आहे ते आपल्याला दिसत नाहीत. दुसऱ्या टोकाला लाखाच्या घरातली सायकल मोटारीच्या टपावर बांधून डोंगरात नेणारे आहेत. एक सायकल गरजेची, एक मिरवण्याची. मधली, म्हणजे साध्या कुटुंबाच्या साध्या आनंदाची सायकल, हरवली आहे.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी मार्गावरचे रस्ते गुळगुळीत करण्यात आले. चांगले झाले. पण शर्यतीसाठी रस्ता काही तास मोकळा करावा लागतो, सहलीसाठी तो रोज सुरक्षित असावा लागतो. पहिले काम पोलीस बंदोबस्ताने होते, दुसऱ्यासाठी स्वभाव बदलावा लागतो.

उसातला शेजारी

जुन्नरचे नाव निघाले आणि बिबट्याचा विषय टाळला, तर ती वाचकांची फसवणूक होईल. उसाच्या फडात बिबट्यांच्या पिढ्या वाढल्या आहेत. माणिकडोहला वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्र कित्येक वर्षे आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात तीन आठवड्यांच्या आत दोन मुले आणि एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यात गेली. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला.

सहलीला जाणाऱ्यासाठी यातून एक साधा नियम निघतो. उजाडल्यावर निघायचे, दिवस मावळायच्या बराच आधी मुक्कामी पोचायचे, मुलांना उसाच्या कडेला एकटे सोडायचे नाही, आणि गावकऱ्यांना विचारून पुढे जायचे. आपल्यासाठी हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. पण तिथल्या शेतकऱ्याला रात्री वीज आली की रात्री पाणी द्यायला फडात जावेच लागते. त्याची मुले अंधारून आले तरी शाळेतून पायीच येतात. आपण तीन दिवस पाळायचा नियम त्याला आयुष्यभर मोडावा लागतो. मोटारीतून गेलो असतो तर हे आपल्या मनातही आले नसते. सायकलवर असताना, सूर्य कलला आणि मुक्काम चार किलोमीटर राहिला की, ते आपोआप मनात येते. सहलीतून एवढे जरी हाती लागले, तरी ती वाया गेली नाही.

पैसे थोडे, शहाणपण अधिक

मग करायचे काय? जुन्नर २०१८ मध्येच पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आहे. आता युनेस्कोचा शिक्काही बसला. पैसे येतील. ते वाहनतळ, रुंद रस्ते आणि कमानी यांवरच खर्च होणार की आणखी कशावर, हा आजचा खरा प्रश्न आहे.

हिशेबाची सवय म्हणून सांगतो. मोटारीने आलेला पर्यटक पेट्रोल शहरात भरतो, टोल महामार्गावर देतो, जेवतो मोठ्या हॉटेलात. गावात पडतात ते वाहनतळाचे पैसे, एखादा चहा आणि बराचसा कचरा. सायकलवाला संध्याकाळी घरी पळू शकत नाही. त्याला सकाळचे पोहे, दुपारची भाकरी, रात्रीचे अंथरूण आणि वाटेत पंक्चर काढणारा, सारे गावातच लागते. तो कमी खर्च करील, पण त्याचा रुपया आपटाळ्यात आणि घाटघरात राहील. बँकेच्या भाषेत, उलाढाल लहान पण ठेव स्थानिक.

आणि भांडवल तरी किती लागते? ल्वारला पूरबंधारे होते, आपल्याकडे कुकडी प्रकल्पाचे कालवे आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे आणि त्यांचे कालवे. कालव्याच्या कडेने देखभालीची वाट असते. जिथे सुरक्षित असेल तिथे तिचे तुकडे नीट करून गावरस्त्यांना जोडता येतील. फाट्याफाट्यावर मराठीत पाटी लावायची, तीवर पुढच्या गावाचे अंतर, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे हे लिहायचे. ग्रामपंचायतीने चार घरांना मुक्कामाची मान्यता द्यायची. जुन्नरच्या स्थानकाजवळ चांगली सायकल भाड्याने मिळावी. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल, कोंबड्यांची डालगी आणि नवरीचा पेटारा असे सारे गुण्यागोविंदाने जाई. आज निदान काही गाड्यांना मागे सायकल अडकवायची सोय करता यायला हरकत नाही. आणि गावातून जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींचा वेग खरोखरच आवरायचा. यातली एकही गोष्ट रोपवेइतकी महाग नाही. अडचण एवढीच की तिचे उद्घाटन करता येत नाही.

कोणी म्हणेल, चार हौशी शहरी लोकांसाठी हा खटाटोप कशाला? हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्र शासन मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देते. योजना चांगली आहे. पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही, तर ती ओसरीवर गंजते. ज्या रस्त्यावरून पुण्या-मुंबईची दहा वर्षांची मुलगी आई-वडिलांबरोबर सहलीला निर्धास्त जाऊ शकेल, त्याच रस्त्यावरून गावातली मुलगी एकटी शाळेत जाऊ शकेल. सहलीचा मार्ग आणि शाळेचा मार्ग हे दोन वेगळे मार्ग नाहीत. सहलीचे लोक दोन दिवस येतील, पाटी, पाणी आणि मोकळी कड गावाकडे वर्षभर राहील.

तोवर थांबायचे का? मुळीच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गावातले आणि आतले रस्ते धरावेत, दिवसाला तीस किलोमीटरहून अधिक हाव धरू नये. दोन कपडे, पंक्चरचे सामान, पाण्याच्या दोन बाटल्या, डोक्याला शिरस्त्राण आणि पाठीला भडक रंगाचा सदरा एवढे पुरे. मुक्काम आधी फोन करून पक्के करावेत. चढ आला की उतरून सायकल हाती धरून चालावे, त्यात कमीपणा नाही. सातवाहनांचे व्यापारीही हा घाट बैलांच्या बरोबरीने चालतच चढले असणार.

आणि परत आल्यावर एक काम जरूर करावे. वाटेत कुठे पाटी नव्हती, कुठे कड तुटली होती, कुठे पाणी मिळाले नाही, हे एका कागदावर लिहून त्या ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना पाठवावे. तपासनिसाने अहवाल दिला नाही, तर तपासणी पुरी होत नाही.